शिरस्त्राणांचे रंगकरी

शिरस्त्राण हा शब्द उच्चारतांच डोळ्यांपुढें रणांगण उभें राहतें. मस्तकाचें रक्षण करणें हें त्याचें मूळ प्रयोजन. परंतु तें साधतां साधतां जगांतील योद्ध्यांनीं शिरस्त्राणाकडे आणखी एक काम सोंपविलें. जपानी सामुराईंच्या शिरस्त्राणावरील उंच शिंगें किंवा युरोपांतील मध्ययुगीन सरदारांच्या शिरस्त्राणावरील तुरे यांचा तलवारीचा वार अडविण्याच्या कामीं फारसा उपयोग नव्हता. प्रतिपक्षाच्या उरांत धडकी भरावी आणि आपला नायक स्वपक्षीयांना दुरून ओळखतां यावा, हा त्यांचा हेतु. म्हणजे शिरस्त्राण हें पहिल्यापासूनच थोडें युद्धसाहित्य आणि थोडें नेपथ्य होतें. विसाव्या शतकांत चित्रपटानें त्यांतील युद्धसाहित्याचा भाग अजिबात टाकून दिला व नेपथ्याचा तेवढा ठेवला. अशा चित्रपटांतील शिरस्त्राणांच्या हुबेहूब प्रतिकृति घरीं बसून तयार करण्याचा व रंगविण्याचा छंद आज अमेरिकेंत, इंग्लंडांत व इतर अनेक देशांत सहस्रावधि लोकांना जडलेला आहे.

वरवर पाहणाराला हा पोरखेळ वाटेल. परंतु या पोरखेळांतून उद्भवलेल्या एका तंट्यामुळें इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाला 'शिल्प कशास म्हणावें?' या प्रश्नाचा निवाडा करावा लागला. आणि ज्यांचीं नांवें सामान्य प्रेक्षकांच्या कानांवरहि कधीं गेलीं नव्हतीं, अशा कारागिरांच्या हातचें काम विस्मृतींतून वर आलें. म्हणून या छंदाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

त्याचें मूळ शोधूं गेल्यास फार मागें, मूकपटांच्या काळांत जावें लागतें. सन १९२७ च्या जानेवारींत बर्लिन येथें फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'मेट्रोपोलिस' हा चित्रपट प्रथम दाखविला गेला. त्यांत एक यंत्रस्त्री आहे. धातूची दिसणारी, परंतु जिवंत नटीला आंत शिरून हालतां-चालतां येईल अशी काया करावी कशाची, हा प्रश्न शिल्पकार वाल्टर शुल्झ-मिटेनडॉर्फ यांच्यापुढें होता. खराखुरा पत्रा ठोकून करावी तर त्याचा भार नटीला पेलणार नाहीं. तेव्हां त्यांनीं लाकडाच्या भुकटीपासून बनविलेला, कणकेप्रमाणें मळतां-लाटतां येणारा एक लगदा निवडला. हा लगदा हवेंत वाळून कठीण झाला म्हणजे लाकडाप्रमाणें तासतां येत असे. ब्रिगिटे हेल्म या नटीच्या अंगाचा प्लॅस्टरचा सांचा घेऊन त्यावर हा लगदा थापला गेला, घासूनपुसून गुळगुळीत केला गेला, आणि शेवटीं रुपेरी भुकटी मिसळलेल्या रोगणाची त्यावर फवारणी झाली. पडद्यावर प्रेक्षकांना दिसलें तें चकचकीत पोलाद. वस्तुतः तो लाकडाचा लगदा होता, आणि पोलादपणा काय तो रंगाच्या त्या पातळ थरांत होता.

पुढील सर्व कारागिरांना याच अनुभवानें धडा घालून दिला. पडद्यावरील धातु हा धातु नसून रंग असतो. वस्तूचें वजन, तिचें वय, तिनें सोसलेले घाव, हें सारें रंगकऱ्याला कुंचल्यानें सांगावें लागतें. 'मेट्रोपोलिस'मधील ती मूळ यंत्रस्त्री पुढें नाहींशी झाली. परंतु त्याच शिल्पकारानें वृद्धापकाळीं पॅरिसच्या सिनेमातेक या संस्थेसाठीं तिची प्रतिकृति पुन्हां आपल्या हातानें घडविली. आपणच निर्माण केलेल्या वस्तूची नक्कल करण्याचा प्रसंग एखाद्या कलावंतावर क्वचितच येत असेल.

या यंत्रस्त्रीची छाया पन्नास वर्षांनंतर पुन्हां पडद्यावर पडली. अमेरिकेंतील तरुण दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनीं 'स्टार वॉर्स' या आपल्या चित्रपटाची कल्पना निर्मात्यांना पटवून देण्यासाठीं राल्फ मॅक्वारी या चित्रकाराकडून सन १९७५ च्या सुमारास कांहीं चित्रें काढवून घेतलीं. मॅक्वारी हे पूर्वीं बोइंग या विमानांच्या कारखान्यांत चित्रें काढीत असत. त्यांच्या एका चित्रांतील यंत्रमानव 'मेट्रोपोलिस'मधील यंत्रस्त्रीचा सख्खा भाऊ शोभावा असा होता. कथेंतील खलनायकाला एका अवकाशयानांतून दुसऱ्यांत जातांना निर्वात पोकळी ओलांडावी लागेल, तर त्याच्या तोंडावर श्वासाचें यंत्र नको काय, अशी शंका मॅक्वारी यांनींच काढली. आणि त्या शंकेंतून डार्थ वेडर याचा तो जगप्रसिद्ध काळा मुखवटा जन्मास आला. त्याच्या माथ्यावरील मागें पसरलेल्या टोपांत सामुराईंच्या शिरस्त्राणाचा आणि जर्मन शिपायांच्या पोलादी टोपाचा असे दोन्ही संस्कार स्पष्ट दिसतात.

चित्रांवरून प्रत्यक्ष वस्तु घडविण्याचें काम इंग्लंडांत झालें. वेषभूषेचे प्रमुख जॉन मोलो हे सैनिकी गणवेषांच्या इतिहासाचे गाढे अभ्यासक होते. वेडरच्या मुखवट्याचें मातीकाम ब्रायन म्यूर या तरुण शिल्पकारानें केलें. सोनेरी यंत्रमानवाची माती लिझ मूर या शिल्पकर्तीनें घडविली. पण १९७६ सालींच अपघातांत तिचा अंत झाला आणि पुढील वर्षाच्या मे महिन्यांत प्रदर्शित झालेला तो चित्रपट पाहणें तिच्या नशिबीं नव्हतें. साम्राज्याच्या पांढऱ्या शिपायांच्या शिरस्त्राणाचा मातीचा नमुना निक पेंबर्टन यांनीं केला आणि त्यावरून प्लॅस्टिकचीं शिरस्त्राणें काढण्याचें काम लंडनजवळील ट्विकनहॅम येथील अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराकडे आलें. प्लॅस्टिकचा तक्ता तापवून मऊ करावयाचा, तो सांच्यावर पसरावयाचा आणि खालून हवा शोषून घ्यावयाची, म्हणजे तक्ता सांच्याला घट्ट बिलगतो व थंड होतांच त्याचा आकार धारण करतो, अशी ही युक्ति आहे. या रीतीनें शिपायांसाठीं पन्नास शिरस्त्राणें तयार झालीं.

येथें रंगाची गोष्ट पुन्हां पुढें येते. यांतील पुष्कळ शिरस्त्राणें ज्या प्लॅस्टिकचीं केलीं होतीं, तें मूळचें मळकट हिरवट खाकी रंगाचें होतें. पडद्यावर शुभ्र दिसणाऱ्या त्या शिपायांचें शुभ्रत्व वरून दिलेल्या रंगाचें होतें. त्या जातीचें प्लॅस्टिक रंगाला नीट धरीत नाहीं. त्यामुळें कोठें ओघळ दिसतो, कोठें टवका उडून खालचा खाकी रंग डोकावतो. गालांवरील नळ्यांवर निळ्या रंगाचे बारीक पट्टे हातानें ओढलेले होते. ते ओढणारांना सर्व शिरस्त्राणें एकसारखीं करण्याइतकी उसंत कोठून असणार? म्हणून एका शिरस्त्राणावरील पट्ट्यांची संख्या दुसऱ्याशीं जुळत नाहीं, आणि एक पट्टा सरळ तर त्याच्या शेजारचा वांकडा, असा प्रकार झाला.

वेडरच्या शिरस्त्राणाची कथा याहून विलक्षण आहे. तें काळें आहे असेंच सर्व जग समजतें. परंतु १९७७ च्या चित्रपटांतील मुखवटा एकाच काळ्या रंगाचा नव्हता. त्याचे कांहीं भाग चकचकीत काळे तर कांहीं बंदुकीच्या नळीसारखे करडे रंगविलेले होते. सगळाच मुखवटा काळा केला असता तर दिव्यांच्या प्रकाशांत त्याचे उंचसखल भाग एकमेकांत बुडून गेले असते. करड्या रंगामुळें गालाचीं हाडें व कपाळाची कड उठून दिसूं लागली. शिवाय मातीकाम हातचें असल्यामुळें मुखवट्याची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नव्हती. सन २००५ मधील चित्रपटासाठीं नवा मुखवटा केला तेव्हां तो सर्वांगीं काळा व दोन्ही बाजूंनीं अगदीं समान असा करण्यांत आला. त्यांत दोष काढण्यास जागा नाहीं. तरीहि पुष्कळ छांदिष्टांचा जीव त्या जुन्या, किंचित् वांकड्या मुखवट्यावरच अधिक.

रंगकऱ्यांची खरी कसोटी लागली ती बोबा फेट या पात्राच्या शिरस्त्राणानें. हें पात्र सन १९८० मधील 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटांतलें. १९७८ च्या जूनमध्यें त्याचा पहिला वेष चाचणीसाठीं तयार झाला तेव्हां तो नखशिखांत पांढरा होता. पुढें त्याचें पांढरेपण गेलें आणि जो जॉन्स्टन या चित्रकारानें त्याच्या शिरस्त्राणाला हिरवा, गडद तांबडा, पिवळा अशा रंगांची भूषा दिली. पण ती भूषा नवी कोरी ठेविली नाहीं. रंग खरवडलेला, कडा घासलेल्या, ठिकठिकाणीं खालची धातु उघडी पडलेली, आणि कपाळावर एक खोल पोंचा! या माणसाच्या तोंडीं चित्रपटांत मोजकींच वाक्यें आहेत. परंतु तो किती लढाया लढून आला आहे, तें त्याच्या शिरस्त्राणावरील ओरखडेच सांगतात. एका पात्राचें सारें पूर्वचरित्र रंगानें लिहिल्याचें याहून चांगलें उदाहरण सहसा सांपडावयाचें नाहीं.

चित्रपटाला अपूर्व यश लाभतांच बाजारांत मुखवटे विक्रीस आले. अमेरिकेंतील डॉन पोस्ट या कारखान्यानें १९७७ सालींच वेडरचा मुखवटा काढला. मुलांची हौस त्यानें भागली. परंतु चोखंदळांचें समाधान होईना. पडद्यावरील वस्तु आणि दुकानांतील वस्तु यांतील फरक त्यांना सलूं लागला, व मग एकेकानें स्वतःच माती, प्लॅस्टर आणि कांचतंतूंचें कापड घेऊन उद्योग आरंभिला. छायाचित्रें जमवावयाचीं, चित्रपट पुन्हां पुन्हां थांबवून पाहावयाचा, आणि मूळ वस्तु एखाद्या प्रदर्शनांत आल्या तर तेथें तासन् तास उभें राहून टिपणें घ्यावयाचीं, असा हा अभ्यास. १९९७ सालीं वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत या चित्रपटांतील वेष व साहित्य यांचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां अशा अभ्यासकांना पर्वणीच लाभली.

या छंदांतील रंगकामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. सांच्यांतून निघालेल्या शिरस्त्राणाला तेलकट हात असतो. तो साबणाच्या पाण्यानें धुऊन काढल्यावांचून रंग धरत नाहीं. नंतर भोकें व खांचे यांत लांबी भरून तें घासकागदानें घासावयाचें. आधीं जाड कागदानें, मग बारीक कागदानें, आणि अखेर पाणी लावून. त्यावर अस्तराचा रंग. कुशल रंगकरी आपला निम्मा वेळ या पूर्वतयारींतच घालवितो, कारण अस्तराखालची चूक वरच्या रंगानें झांकत नाहीं. उलट अधिक उघडी पडते.

यानंतरचें काम उलट्या क्रमानें चालतें. खऱ्या वस्तूचा रंग झिजून खालची धातु दिसूं लागते. म्हणून रंगकरी धातु आधीं रंगवितो. सर्व शिरस्त्राणाला रुपेरी रंग देऊन तो पुरा वाळूं द्यावयाचा. मग जेथें जेथें ओरखडा हवा तेथें तेथें रबरासारखा सुटून येणारा एक द्रव बारीक कुंचल्यानें लावावयाचा. कोणी याच कामासाठीं चक्क मोहरीची चटणी किंवा दांत घासण्याची पेस्ट वापरतात. त्यावर हिरव्या रंगाची फवारणी करावयाची आणि तो वाळतांच तो द्रव बोटानें चोळून काढावयाचा. त्याबरोबर हिरवा रंगहि तेवढ्या जागेपुरता निघून येतो व खालची चांदी चमकूं लागते. शेवटीं काळपट तपकिरी रंग खूप पातळ करून सर्वत्र फांसावयाचा आणि फडक्यानें पुसून घ्यावयाचा, म्हणजे खांचांतून मळ सांचल्यासारखा दिसतो. आपल्याकडील मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतांना जसा श्वास रोखून धरतो, तसाच श्वास येथें शेवटच्या ओरखड्याच्या वेळीं रोखला जातो. फवारणीचे वायु छातीला अपायकारक असल्यामुळें नाकातोंडावर गाळणीचा मुखवटा बांधूनच हें काम करावें लागतें.

येथवर हा छंद एकट्या-दुकट्याचा होता. १९९७ सालीं अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना संस्थानांत आल्बिन जॉन्सन या गृहस्थानें त्याला सामुदायिक रूप दिलें. त्यानें स्थापिलेल्या 'फाइव्ह हंड्रेड फर्स्ट लीजन' या मंडळाच्या शाखा आज अनेक देशांत पसरल्या असून सभासदांची संख्या दहा हजारांवर गेली आहे. सभासद होण्यासाठीं वेष ठरीव कसोट्यांना उतरावा लागतो. शिरस्त्राणावरील पट्ट्यांपर्यंत सर्व पारखून घेतलें जातें. ही मंडळी वेष करून रुग्णालयांतील मुलांना भेटतात, धर्मादाय कार्यांस हजेरी लावतात, आणि स्वतःसाठीं मोबदला घेत नाहींत. प्रसिद्ध रोझ परेडच्या मिरवणुकींत, सन २००७ च्या पहिल्या दिवशीं, जॉर्ज लुकास हे अग्रमानाचे पाहुणे होते. त्यावेळीं या मंडळाच्या सभासदांची पलटण त्यांच्यासमवेत चालली. ज्यांनीं नक्कल केली त्यांना मूळ निर्मात्यानें असा मान दिला.

या मंडळाच्या इतिहासांत एक करुण प्रकरण आहे. संस्थापकाच्या लहान मुलीला मेंदूचा असाध्य विकार जडला. चित्रपटांतील एक छोटा यंत्रमानव निजलेल्या राजस्त्रीच्या उशाशीं पहारा देतो; तसा पहारेकरी आपल्यालाहि असावा, अशी तिची इच्छा होती. यंत्रमानव बनविणाऱ्या छांदिष्टांनीं तिच्यासाठीं एक यंत्रमानव तयार करण्याचें मनावर घेतलें आणि त्याला तिच्या आवडीचा गुलाबी रंग दिला. ऑगस्ट २००५ मध्यें ती सात वर्षांची बालिका निवर्तली. परंतु तो गुलाबी यंत्रमानव तिच्या मागें रुग्णालयांतून फिरत राहिला, आणि पुढें २०१५ मधील 'द फोर्स अवेकन्स' या चित्रपटांतहि त्याला स्थान मिळालें. मूळ यंत्रमानव निळा आहे. येथें एका रंगाच्या बदलानें नक्कल ही नक्कल राहिली नाहीं.

आतां तंट्याकडे वळूं. ट्विकनहॅमच्या एन्सवर्थ यांनीं सन २००४ पासून शिपायांचीं शिरस्त्राणें व चिलखतें पुन्हां तयार करून विकण्यास प्रारंभ केला. लुकास यांच्या कंपनीनें कॅलिफोर्नियांत फिर्याद केली आणि २००६ सालीं तेथील न्यायालयानें दोन कोटि डॉलर्सचा हुकूमनामा दिला. त्यानंतर वाद लंडनच्या न्यायालयांत आला. कंपनीचें म्हणणें असें कीं, शिरस्त्राण हें शिल्प आहे; सबब शिल्पकाराच्या कृतीला मिळणारें दीर्घ मुदतीचें संरक्षण त्यास मिळालें पाहिजे. २००८ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें आणि २००९ मध्यें अपील न्यायालयानें हें म्हणणें अमान्य केलें. २७ जुलै २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच निकाल कायम केला. शिरस्त्राण हें चित्रपट तयार करण्याच्या कामीं उपयोगी पडणारें एक साधन होय; कलाकृति आहे ती चित्रपट, शिरस्त्राण नव्हे, असा त्या निकालाचा आशय. मात्र अमेरिकेंतील हक्कभंगाबद्दल इंग्लंडच्या न्यायालयांत दाद मागतां येईल, हा मुद्दा कंपनीच्या बाजूनें निकालांत निघाला. आणि रचनेचा हक्क आपलाच, हा एन्सवर्थ यांचा प्रतिदावा खालच्या न्यायालयांतच फेटाळला गेला होता.

हा निकाल कायद्याच्या दृष्टीनें सयुक्तिक असेल. परंतु त्यानें मनांत एक शंका राहते. ज्या वस्तूसाठीं एका चित्रकारानें चित्र काढलें, एका शिल्पकारानें माती घडविली आणि कोणा रंगकऱ्यानें पट्टे ओढले, ती शिल्प नव्हे. मग ती आहे तरी काय? न्यायालयानें ती कोणत्या वर्गांत पडत नाहीं एवढेंच सांगितलें. तिच्याकडे कसें पाहावें, याचें उत्तर छांदिष्टांनीं आपल्या वागणुकीनें दिलें आहे. १९७६ सालीं घाईघाईंत ओढलेला एखादा पट्टा वांकडा गेला असेल, तर तो आपल्या प्रतिकृतीवरहि तसाच वांकडा काढण्यासाठीं ते रात्री जागवितात. पट्टा ओढणाराचें नांव पुष्कळदां त्यांना ठाऊक नसतें; पण त्याच्या हाताचें वळण ते ओळखतात.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोंचतो. 'स्टार वॉर्स'च्या वेषभूषेसाठीं १९७८ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळविणारे जॉन मोलो यांना तें दुसऱ्यांदां मिळालें तें १९८३ सालीं, 'गांधी' या चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं. आणि त्या पारितोषिकांत त्यांच्या सहभागी होत्या कोल्हापूरच्या भानु अथय्या. चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या या कन्येचा जन्म १९२९ सालचा. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. एका बाजूला कल्पनेंतील साम्राज्याचीं प्लॅस्टिकचीं चिलखतें आणि दुसऱ्या बाजूला एका खऱ्या साम्राज्याशीं झुंजणाऱ्या महात्म्याची खादी; दोहोंच्याहि मागें मोलो यांची तीच अभ्यासू दृष्टि होती.

आपल्या मागें हें पारितोषिक नीट राहील कीं नाहीं, ही चिंता भानुबाईंना उतारवयांत वाटूं लागली. म्हणून २०१२ सालीं त्यांनीं ती सुवर्णमूर्ति अमेरिकेंतील अकादमीच्या हवालीं केली, आणि २०२० सालीं त्या निवर्तल्या. वस्तु जतन करण्याचा तो एक मार्ग झाला. चित्रपटांतील शिरस्त्राणांना तसें सुरक्षित कपाट क्वचितच लाभलें. प्लॅस्टिक ठिसूळ होतें, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि चित्रीकरण संपल्यावर त्या वस्तूंची कदर फारशी कोणी करीत नाहीं. जें टिकलें आहे त्याचें सूक्ष्म वर्णन, मापें, रंगांच्या छटा आणि पट्ट्यांची मोजदाद आज पुष्कळ अंशीं या छांदिष्टांच्या टिपणांतून आणि त्यांच्या माडीवरच्या शिरस्त्राणांतूनच शिल्लक आहे.